गूळ घ्या, पण मोजून घ्या

मागच्या अंकात रोजच्या खाण्यातली लपलेली साखर कशी ओळखायची ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: पांढरी साखर सोडायची तर तिच्या जागी काय आणायचं? गूळ, मध, खजूर, नारळाची साखर, स्टीव्हिया, सगळ्यांबद्दल लोकांनी विचारलं आहे. माझं माहेर करवीर तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ होतं, आणि व्यवसायाने मी आहारतज्ज्ञ आहे. म्हणून या वेळी गुळावर जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न : ताई, मी सांगलीचा निवृत्त शिक्षक, वय ६१. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितल्यापासून घरात चहा गुळाचाच होतो, दिवसातून चार वेळा. सकाळी सौ. गूळ-शेंगदाणेही देते. साखरेचा कण पोटात जात नाही, तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या रक्तशर्करेची सरासरी दाखवणारी तपासणी) ७.२ वरून ८.१ वर गेलं. गूळ तर नैसर्गिक आहे. मग असं का व्हावं?

उत्तर : सर, तुमच्या शरीरासाठी गूळ ही साखरच आहे. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. रसातलं पाणी उडून गेलं की मागे राहते ती मुख्यतः साखर. गुळात साधारण ६५ ते ८५ टक्के सुक्रोज असतं, म्हणजे साखरेच्या डब्यात असतं तेच. शिवाय १०-१५ टक्के ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ज्या खनिजांसाठी आपण गुळाचं कौतुक करतो ती टक्काभराच्या आसपास भरतात. १०० ग्रॅम साखरेतून ४०० च्या आसपास कॅलरी मिळतात, १०० ग्रॅम गुळातून ३८० च्या आसपास. आतड्यात पोचल्यावर दोन्हींचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि रक्तातली साखर दोन्हींनी सारखीच चढते.

आता तुमच्या घरचा हिशेब बघू. साखरेचा सपाट चमचा ४ ग्रॅमचा असतो. सुपारीएवढा गुळाचा खडा १० ग्रॅमच्या आसपास भरतो. गुळाची गोडी साखरेपेक्षा किंचित कमी, म्हणून हात नकळत सढळ होतो. चार कपांत चार खडे गेले तर ४० ग्रॅम झाले. गूळ-शेंगदाण्यातले १५ ग्रॅम धरले तर ५५. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार धडधाकट माणसानेसुद्धा दिवसाला २५ ते ३० ग्रॅमच्या आतच राहावं. जागतिक आरोग्य संघटना ज्या साखरेवर मर्यादा घालायला सांगते तिच्यात मध, सगळे पाक आणि फळांचे रसही मोजले जातात. 'नैसर्गिक' म्हणून त्यातून कुणालाच सूट नाही.

काय करायचं ते सांगते. शेंगदाणे चालू ठेवा, गूळ काढा. चहा चारवरून दोनवर आणा. उरलेल्या दोन कपांत पहिला आठवडा अर्धा खडा, पुढच्या आठवड्यात पाव, मग बिनगोडाचा. चहात आलं, गवती चहा, वेलची घाला, म्हणजे गोड कमी झालेलं तितकं जाणवत नाही. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, पण होते. माझ्या दवाखान्यात येणारे कित्येक जण नंतर सांगतात की लग्नाघरचा चहा आता तोंडात धरवत नाही. आणि गोळ्यांचा डोस मनाने बदलू नका. हे सगळं डॉक्टरांना सांगा, म्हणजे पुढचा रिपोर्ट वाचताना त्यांना कारण ठाऊक असेल.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या किती घरांत रोज 'गूळ चालतो हो, काही होत नाही' असं प्रेमाने म्हटलं जात असेल! सौ.नी तुमच्या काळजीपोटीच केलं, त्यांना दोष देऊ नका. हे पत्र आणि उत्तर मात्र त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : ठाण्यात आमच्या वाण्याकडे साधा पिवळा गूळ स्वस्त मिळतो, आणि प्रदर्शनात 'केमिकल फ्री' म्हणून काळसर गूळ दुप्पट-तिप्पट भावाने. खरा गूळ ओळखायचा कसा? काळा तो चांगला, एवढंच पुरेसं आहे का?

उत्तर : एवढं पुरेसं नाही. गुऱ्हाळात काय घडतं ते आधी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे रंग कुठून येतो ते कळेल.

ऊस चरकात पिळून रस काहिलीत येतो. काहील म्हणजे चुलवाणावर बसवलेली भली मोठी, उथळ कढई. चुलवाणात जाळ घालायला त्याच उसाची वाळलेली चिपाडं. रस तापला की वर मळी धरते, हिरवट-करडी, फेसाळ. ती झाऱ्याने सतत काढावी लागते. मळी नीट सुटावी म्हणून रानभेंडीची झाडं ठेचून, पाण्यात कुस्करून त्यांचा चिकट रस काहिलीत घालतात; तो चिकटा बारीक कचरा धरून वर आणतो. आंबटपणा मारायला थोडी चुन्याची निवळी. मग रस उकळत राहतो, बुडबुडे आधी मोठे, नंतर बारीक आणि जड होतात. १०५ अंशांच्या आसपास ती काकवी असते. तिथे न थांबता पुढे नेलं की ११८ अंशांच्या आसपास गूळ तयार होतो. आमच्याकडच्या गुळव्याला थर्मामीटर लागत नसे. पाक थंड पाण्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायचा आणि ती ताटलीवर टाकायचा. टण्ण आवाज आला की काहील उतरवायची. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपट, लवकर उतरवली तर ढेप बसत नाही. अख्ख्या गुऱ्हाळाची कमाई त्या माणसाच्या कानावर आणि बोटांवर असे.

असा गूळ तांबूस, तपकिरी, कधी गडद सोनेरी होतो. जमीन, पाणी, उसाची जात, खत यांवर ते ठरतं. नदीकाठच्या जमिनीतला एखादा रस काहीही न घालता सुंदर सोनेरी गूळ देतो, आणि खाऱ्या पाण्यावरच्या उसाचा गूळ कितीही मेहनत करा, काळसरच राहतो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्यामागे ही माती आणि हे गुळवे आहेत.

पण बाजारात भाव रंगावर ठरतो. सौद्यात पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची मोठी ढेप, आला की बोली चढते. म्हणून काहिलीत हायड्रोस पडतं. सोडियम हायड्रोसल्फाइट ही पांढरी पूड टाकली की तपकिरी पाक बघता बघता पिवळा होतो. त्यातून गुळात गंधकाचा अंश राहतो. कायद्याने सल्फर डायऑक्साइड किलोला ७० मिलिग्रॅमच्या आत असायला हवा. हात सैल सुटला तर तो त्यापुढे जातो. दम्याच्या काही रुग्णांना गंधकाचा असा अंश विशेष त्रासदायक ठरतो. शेतकऱ्याला यासाठी एकट्याला जबाबदार धरणं मला पटत नाही. जोवर आपण गिऱ्हाईक पिवळा रंग मागतो, तोवर त्याला तो द्यावा लागतो. रंग न मारता केलेला चांगला रवा बाजारात शंभर रुपयांनी पडून विकताना मी घरच्यांना पाहिलं आहे.

आता ओळख. फिकट पिवळा, लिंबाच्या सालीसारखा गूळ टाळा. हायड्रोसने आणलेला रंग टिकत नाही. घरी ठेवलेली पिवळी ढेप काही आठवड्यांत वरून काळवंडली तर काय ते समजा. खडा जिभेवर ठेवा. चांगल्या गुळाला उसाच्या रसाचा वास येतो, गोडी सावकाश येते, शेवटी किंचित क्षार जाणवतो. फार खारट लागला तर घेऊ नका. काळ्याकुट्ट गुळापासूनही सावध राहा. रस करपला, ऊस शिळा झाला किंवा मळी नीट काढली नाही तरी गूळ काळा होतो, आणि 'सेंद्रिय' म्हणून तो महाग विकला जातो. स्फटिक चमकणारा, खडखडीत गूळ असेल तर त्यात साखर मिसळलेली असू शकते. साखर स्वस्त आणि गूळ महाग असतो तेव्हा हे प्रकार होतात.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे माणूस ओळखीचा असणं. ऑक्टोबर ते मार्च हंगाम असतो. कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा कराडच्या बाजूला आलात तर एखाद्या चालू गुऱ्हाळावर जा, काहिलीजवळ उभे राहा, काय पडतंय ते बघा आणि तिथूनच वर्षाचा गूळ भरा. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात उघडा राहिला तर पाझरतोच, त्यात गुळाचा दोष नाही. वापरताना थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गाळणीत चिपाडाची कुसं आणि वाळू दिसेल. हे गाळलेलं गुळाचं पाणी फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं आणि चमच्याने मोजताही येतं.

प्रश्न : माझ्या मुलीचं हिमोग्लोबिन ९.८ आहे. कॉलेजला जाते, अमरावतीत असते. रोज गूळ खायला सांगितलंय. किती द्यावा?

उत्तर : गुळाच्या भरवशावर तिला ठेवू नका. सुपारीएवढ्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही लोह मिळत नाही, आणि प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरतात. गुळातून ती भागवायची म्हटली तर साखर किती पोटात जाईल, विचार करा. डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या लिहून घ्या आणि त्या न चुकता द्या. जोडीला हळीव, बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाज्या, चालत असेल तर मटण, आणि जेवणात लिंबू. जेवणाबरोबर चहा बंद. चहाने लोह नीट शोषलं जात नाही. भाजी लोखंडी कढईत करा. हळिवाच्या लाडवात गूळ असतो, तो तेवढा असू दे.

प्रश्न : नाशिकहून लिहिते. गुळाचा चहा केला की दूध फाटतं. शेवयांच्या खिरीचंही तेच झालं आणि पाहुण्यांसमोर फजिती झाली. काही युक्ती आहे का?

उत्तर : गुळात थोडा आंबटपणा असतो, आणि गरम दुधाला तेवढा पुरतो. गूळ जितका जुना आणि पाझरलेला तितका आंबट. चहासाठी पाणी, चहापूड, आलं आणि गूळ एकत्र उकळा, गॅस बंद करा, मग वेगळं तापवलेलं दूध वरून ओता. पुन्हा उकळी आणू नका. खिरीसाठी दूध-शेवया पूर्ण शिजवून उतरवा, बोट बुडवता येईल इतकं निवू द्या, मग गाळलेलं गार गुळाचं पाणी थोडं थोडं घालत हलवा. एवढं करूनही फाटलं तर गूळ बदला. आणि कोकणातल्या बायकांसारखं नारळाच्या दुधात करून बघा. गुळाशी त्याचं फार छान जमतं. तांदळाची खीर त्यात केलीत तर साखरेची आठवणही होणार नाही.

प्रश्न : पुण्याहून. बाळ नऊ महिन्यांचं आहे. सासूबाई म्हणतात मधाचं बोट चाटव, खोकला येत नाही. नाचणीच्या सत्त्वात साखरेऐवजी मध किंवा खजूर घालू का?

उत्तर : मध अजिबात नको. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढतात आणि त्यांच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात. मध शुद्ध असला, घरच्या पोळ्याचा असला, उकळून घेतला तरी धोका जात नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा बाळाच्या डॉक्टरांकडून सांगवा, घरात वाद होणार नाही.

सत्त्वात काहीही गोड घालायची गरज नाही. दोन वर्षांपर्यंत वरून साखर-गूळ नकोच. नाचणीची चव बाळाला आपल्यासारखी फिकी लागत नाही, त्याने अजून दुसरं चाखलेलंच नाही. कधी बदल म्हणून कुस्करलेलं केळं किंवा शिजवलेलं सफरचंद घाला. बाळाला फळाची चव कळू दे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला. वजन कमी करायला सकाळी गरम पाणी, लिंबू आणि दोन चमचे मध घेतो. बाटलीतला मध थिजून साखरेसारखा झालाय. भेसळ असेल का? मध खरा आहे हे पाण्यात थेंब टाकून कळतं का?

उत्तर : मध थिजणं स्वाभाविक आहे. त्यात ग्लुकोज असतं, ते थंडीत स्फटिक होऊन बसतं. कुठल्या फुलांचा मध आहे त्यावर ते लवकर की उशिरा हे ठरतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, पुन्हा पातळ होईल. गॅसवर ठेवू नका.

पाण्यातला थेंब, काडेपेटीची काडी, अंगठ्यावरचा थेंब या परीक्षांवर मात्र विसंबू नका. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने देशातल्या १३ ब्रँडचे मध परदेशी प्रयोगशाळेत एनएमआर या भेसळ पकडणाऱ्या प्रगत तपासणीला पाठवले, तेव्हा फक्त तीन त्यातून पार पडले. भेसळीचे पाक असे बनवलेले असतात की आपल्याकडच्या नेहमीच्या प्रयोगशाळा चाचण्याही ते चुकवतात, तिथे पाण्याच्या ग्लासाचं काय चालणार! तुम्ही तर साताऱ्याचे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये राज्यातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथल्या पेट्या प्रत्यक्ष बघा, सातेरी मधमाशीचा जांभळाचा मध घ्या. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, त्या हंगामाचा दाट मध मिळाला तर सोडू नका.

वजनाचं मात्र जमणार नाही. मधाचा चमचा ७ ग्रॅमचा, त्यात ६ ग्रॅम साखर. साखरेच्या सपाट चमच्यापेक्षा जास्तच. वजन कमी करायचं पाणी म्हणून तुम्ही सकाळी उठल्या उठल्या १२ ग्रॅम साखर घेताय. नुसतं लिंबूपाणी घ्या. मध आठवड्यातून दोनदा पोळीला लावून खा, त्याचा वास आणि चव मन लावून घ्या. चांगला मध गरम पाण्यात मारून टाकणं मला तरी बघवत नाही.

प्रश्न : आमचा लातूर जिल्ह्यातला बचत गट खजूर-सुकामेव्याचे लाडू करतो. पाकिटावर 'शुगर फ्री' छापलंय, खप चांगला आहे. एका गिऱ्हाइकाने हरकत घेतली. आमच्या लाडवात साखरेचा कण नाही, मग चूक काय?

उत्तर : ताईंनो, तुम्ही लाडू प्रामाणिकपणे करता यात मला शंका नाही. पण तो शब्द लगेच काढा. 'शुगर फ्री' म्हणायचं तर १०० ग्रॅम पदार्थात सगळी मिळून साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा नियम आहे. खजुरात शेकडा ६०-६५ ग्रॅम साखर असते. ती खजुराची स्वतःची असली तरी साखरच. 'साखर न घातलेले' हेही छापू नका, कारण वाटलेला खजूर तुमच्या लाडवात साखरेचंच काम करतो. खरी काळजी गिऱ्हाइकाची आहे. मधुमेही माणूस तो शब्द वाचून एकाऐवजी चार लाडू खाईल. कदाचित रोज खाईल.

पाकिटावर 'खजुराचे लाडू' असं ठळक छापा. खाली एका लाडवाचं वजन आणि त्यात किती ग्रॅम साखर ते लिहा. २५ ग्रॅमच्या लाडवात निम्मा खजूर असेल तर ८ ग्रॅमच्या आसपास येईल. लाडू लहान करा, १५ ग्रॅमचा. खजूर कमी करून भाजलेले तीळ, जवस, शेंगदाण्याचं कूट वाढवा. खजुरात १०० ग्रॅमला ७-८ ग्रॅम चोथा असतो, साखरेत तो शून्य. हा खरा गुण आहे, तो बिनधास्त सांगा. खप कमी होईल ही भीती समजते, पण खरं छापणाऱ्या गटाकडे गिऱ्हाईक परत येतं, आणि ज्याने हरकत घेतली त्याला नवं पाकीट आधी दाखवा.

प्रश्न : न्यू जर्सीत राहते. इथे अगावे सिरप (घायपाताच्या जातीच्या झाडाचा पाक), मेपल सिरप आणि ब्राउन शुगर मिळते. श्रीखंडाला आणि शिऱ्याला काय वापरू? अगावेने शुगर वाढत नाही असं ऐकलंय.

उत्तर : अगावेने रक्तातलं ग्लुकोज लगेच फार चढत नाही हे खरं, कारण त्यात ७० ते ९० टक्के फ्रुक्टोज असतं. पण फ्रुक्टोजचा भार मुख्यतः यकृतावर पडतो आणि जास्त झालं तर तिथे चरबी साठते. आपल्या लोकांत फॅटी लिव्हर आधीच खूप आहे. रोजच्या वापराला अगावे मी सुचवणार नाही. ब्राउन शुगर म्हणजे बहुतेक वेळा पांढऱ्या साखरेला थोडी मळी (इथे मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, मोलॅसिस) चोळलेली. मेपल ही त्या मातीतली सुंदर गोष्ट आहे. साधारण ४० लिटर झाडाचा रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप होतं, अगदी आपल्या काकवीसारखं. साखरच आहे, पण चव तीव्र, त्यामुळे थोडंसं पुरतं. शिऱ्यात शेवटी फिरवा, छान लागेल. श्रीखंडात कुठलाही पातळ पाक घातला तर चक्का सैल होतो. तिथे पिठीसाखरच निम्मी घाला, केशर-वेलची वाढवा. तुमच्याकडच्या डब्यांवर 'ॲडेड शुगर्स' अशी वेगळी ओळ असते. खरेदीच्या वेळी ती वाचायची सवय लावा.

प्रश्न : म्हापशाच्या बाजारात माडाचा गूळ मिळतो. मुंबईच्या मॉलमध्ये कोकोनट शुगर त्याच्या कितीतरी पट महाग. फरक काय?

उत्तर : मूळ एकच, माडाचा गोड रस. मॉलमधली परदेशातून आलेली, दाणेदार, देखण्या पाकिटातली. तुमचा म्हापशाचा काळसर, धुरकट वासाचा, रेंदेराने माडावर चढून काढलेल्या रसाचा. दोन्हींत मुख्यतः सुक्रोजच. दोदोल आणि पातोळ्यांना त्या गुळाशिवाय चव नाही. माडावर चढणारी माणसं कमी होत चालली आहेत. मिळतोय तोवर त्यांच्याकडूनच घ्या.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरहून. कुंडीत स्टीव्हिया लावलाय. पानं चहात घालतो. चालेल ना? आणि ज्येष्ठमध गोड असतं, ते वापरलं तर?

उत्तर : दोन-चार पानांची हरकत नाही, मागे थोडी कडसर चव राहते एवढंच. आपल्याकडे २०१५ मध्ये स्टीव्हियाच्या शुद्ध अर्काला मान्यता मिळाली. तो साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो, त्यामुळे पाकिटात भर म्हणून काय घातलंय ते वाचा. डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर तो पिष्टाचाच भाऊ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर अवलंबून राहू नये, त्यात स्टीव्हियाही येतो. ही सूचना मधुमेह असलेल्यांसाठी नाही. त्यांना साखर सोडताना काही महिने आधार म्हणून स्टीव्हिया घ्यायला मी सांगते. ज्येष्ठमध रोज नको. त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. घशासाठी दोन-तीन दिवस ठीक.

खडीसाखरेबद्दलही पुष्कळांनी विचारलंय. ती साखरेचेच मोठे खडे आहेत. प्रसादाला घ्या, आरोग्यासाठी म्हणून नको.

प्रश्न : सोलापूरहून. होळी जवळ आली. आमच्या आईंना मधुमेह आहे, पण पुरणपोळीशिवाय त्यांचा सण होत नाही. काही मार्ग?

उत्तर : आईंना पोळी द्या. सणाच्या दिवशी ताटात नुसती भाकरी वाढून त्यांना बाजूला बसवू नका. पुरणाला हरभरा डाळ असते, तिच्यात प्रथिनं आणि चोथा असतो, त्यामुळे नुसत्या साखरेच्या पक्वान्नापेक्षा ही बरी. आपण डाळीइतकाच गूळ घेतो. आईंसाठी पुरण वेगळं काढून वाटीभर डाळीला अर्धी वाटी गूळ घ्या. जायफळ, वेलची, चिमूटभर सुंठ घातली की कमी गोडी खपते. पोळी तळहाताएवढी, एकच, वर चमचाभर तूप. आधी कटाची आमटी आणि कोशिंबीर पोटभर, त्या जेवणात भात आणि कुरडया नकोत. दोन तासांनी साखर तपासा आणि वहीत लिहून ठेवा. पाडव्याला किती द्यायचं ते त्यावरून ठरवता येईल. आणि गूळ डाळ अगदी मऊ शिजल्यावरच घाला. आधी पडला तर डाळ कितीही शिजवा, दाताखाली कचकच राहते.